स्कूबी-डू आजच्या मुलांसाठी पुन्हा उभं करायचं तर काय ठेवायचं, काय काढायचं?

अर्धवट_मुखवटा

नमस्कार मंडळी. अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प आहे. जुनी रहस्य-कार्टून मालिका घ्यायची आणि ८ ते ११ वयाच्या मुलांसाठी तिचा नवा आराखडा करायचा. द्यायचंय ते असं: १५ पानांचं सिरीज बायबल (मालिकेची पात्रं, जग आणि नियम यांची टिपणवही), २२ मिनिटांच्या एका भागाची पटकथा आणि त्यातल्या दीड मिनिटाचं, आवाज लावलेल्या कच्च्या चित्रांचं अ‍ॅनिमॅटिक. गटाने स्कूबी-डू निवडलंय (फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी हे चार मित्र आणि त्यांचा स्कूबी हा कुत्रा व्हॅनमधून फिरतात, भुताचं रहस्य सोडवतात आणि शेवटी मुखवटा ओढून आतला माणूस उघडा पाडतात) आणि तिथपासून भांडणं चालू आहेत.

एक बाजू म्हणते, आजची पोरं मुखवट्याला फसत नाहीत, भुतं खरीच दाखवा. दुसरी म्हणते, मग ते स्कूबी-डू उरतच नाही. शिवाय मोबाइलचं काय करायचं? भूत दिसलं, फोटो काढला, पोलिसांना पाठवला, विषय संपला. संशयित किती ठेवायचे? कपडे १९६९ चेच ठेवायचे का? जुनी चित्रशैली आज स्वस्तातली वाटेल का?

"मुलांना आवडेल असं करा" छापाचे सल्ले पोत्याने मिळालेत. कृपया मिनिटं, शॉट, संवाद या पातळीवर सांगा.

कथासूत्र

भुतं खोटी का होती तिथून सुरुवात करा. ती गंमत नव्हती, अट होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या मारामारीवरून अमेरिकेतल्या पालकांच्या संघटनांनी रान उठवलं होतं. सीबीएस वाहिनीच्या फ्रेड सिल्व्हरमनला हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओकडून थरार हवा होता, पण ठोसा नको होता. जो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी रहस्यावर आधारलेली कल्पना लिहिली, पात्रं इवाओ ताकामोतो यांनी काढली. तरी सुरुवातीचा प्रस्ताव फार भीतीदायक म्हणून परत आला. मग कुत्र्याला पुढे आणलं. १३ सप्टेंबर १९६९ ला पहिला भाग दाखवला गेला.

म्हणजे भीती खरी, भूत खोटं आणि अंगाने सगळ्यात मोठा तोच सगळ्यात भित्रा, अशी ती तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढलात की काय होतं ते त्यांच्याच इतिहासात दिसतं. १९७९ मध्ये घसरलेली मालिका सावरायला स्कूबीचा छोटा पुतण्या स्क्रॅपी-डू आणला, प्रेक्षकांचे आकडे सावरलेही. पण १९८० पासून भाग सात-सात मिनिटांचे झाले, फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा बाहेर गेले आणि भुतंही खरी झाली. सात मिनिटांत पुरावा पेरायला जागाच नसते. उरला नुसता पाठलाग. लोक सगळा राग त्या पिल्लावर काढतात; माझ्या मते घाव वेळेच्या कात्रीने घातला.

तुमच्या २२ मिनिटांची वाटणी मी अशी करेन. पहिलं दीड मिनिट टोळीशिवाय: एक साक्षीदार, एक भूत. तिसऱ्या मिनिटाला व्हॅन गावात. नवव्या मिनिटाच्या आत सगळे संशयित एकदा तरी बोललेले हवेत, आणि प्रत्येकाने भुताबद्दल काही ना काही मत दिलेलं हवं. पहिला खरा पुरावा पाचव्या मिनिटाच्या आसपास, तोही विनोदाच्या आड लपवून. दहाव्या मिनिटाला टोळीची फाटाफूट, मग पहिला पाठलाग. तेराव्याच्या सुमारास दुसरा पुरावा, पंधराव्याला तिसरा. सोळाव्याला वेल्मा "कळलं!" म्हणते, पण काय ते सांगत नाही. सापळा, सापळ्याचा बोजवारा, दुसरा पाठलाग, आणि एकोणिसाव्याला मुखवटा. उलगड्याला दीड मिनिटापेक्षा जास्त देऊ नका. त्यात एकही नवी माहिती येता कामा नये. नवे लेखक हमखास इथेच घसरतात: खलनायकाचा कधी न ऐकलेला भाऊ किंवा विमा पॉलिसी शेवटच्या मिनिटाला टपकते.

संशयित तीन. गंमत म्हणजे मूळ मालिका याबाबतीत लंगडी होती. पहिल्याच भागात काळ्या सरदाराचं चिलखत संग्रहालयात पोचतं, प्राध्यापक बेपत्ता असतो, आणि संशय घ्यायला व्यवस्थापक मिस्टर विकल्स सोडून कुणी जवळपास नसतंच. तो खरी चित्रं भिंतीवरून उतरवून नकली टांगत असतो. पाच वर्षांच्या मुलाला चालतं, दहा वर्षांचं पोर नवव्या मिनिटाला उत्तर सांगून उठून जाईल. याउलट चारपेक्षा जास्त झाले की चेहरे लक्षात राहत नाहीत.

उत्तर ओळखणाऱ्या पोराला चकवण्याचा सर्वात हुशार प्रकार १९८८ च्या 'अ पप नेम्ड स्कूबी-डू'मध्ये आहे. फ्रेड दर भागात रेड हेरिंग (इंग्रजीत याचा अर्थच दिशाभूल करणारा पुरावा) नावाच्या मुलावर आळ घेतो आणि दर वेळी तोंडावर पडतो. मग एका भागात तो रेडचं नाव घेणार नाही अशी पैज लावतो, आणि त्याच भागात गुन्हेगार रेड निघतो. साचा पाठ झालेल्या मुलालाच ही गंमत पुरी कळते. साचा मोडायचा तर आधी तो मुलांकडून पाठ करून घ्यावा लागतो. पायलटमध्येच, म्हणजे पहिल्याच भागात मोडू नका.

रेघोट्या

चित्रशैलीबद्दल. जुनी शैली स्वस्तातली वाटते ती रेषेमुळे नाही, हालचालीमुळे. सेकंदाला २४ फ्रेम असतात, त्यात १२ चित्रं किंवा त्याहून कमी, बाकी तेच चित्र धरून ठेवायचं, ही हॅना-बार्बेराची काटकसर होती. त्यांच्याच योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात टाय का? डोकं वेगळ्या सेलवर (पारदर्शक शीटवर) आणि धड वेगळ्या सेलवर, त्यांचा सांधा टायखाली लपतो. स्कूबीचा निळा पट्टा, फ्रेडचा गळपट्टा, डॅफ्नीचा स्कार्फ, वेल्माचा उंच गळ्याचा स्वेटर बघा आणि मग आज कट-आउट रिग (सुटे भाग सांध्यांवर हलणारी डिजिटल बाहुली) करताना याचा फायदा किती ते मोजा. कपडे बदलायची घाई करणाऱ्यांनी हे आधी बघावं. शिवाय पाचही जण काळ्या सावलीतसुद्धा नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतात. ती बाह्यरेषा ठेवा. कापडाचा पोत, बूट, केसांची टोकं हवी तशी बदला.

स्कूबीच्या रिगबद्दल दोन सूचना. ताकामोतो यांनी स्टुडिओतल्या एका ग्रेट डेन पाळणाऱ्या सहकारी बाईंकडून जातिवंत कुत्र्याची लक्षणं ऐकली आणि बरोबर उलटं काढलं: पाठ सरळऐवजी उतरती, पाय वाकडे, हनुवटी मोठी. आधुनिक रिगमध्ये पाय "दुरुस्त" करण्याचा मोह होतो, करू नका. दुसरं, तो चार पायांवर धावतो आणि घाबरला की दोन पायांवर उभा राहून शॅगीच्या कडेवर चढतो. एकाच रिगमध्ये दोन्ही बसवायला गेलात तर कंबरेचा सांधा फाटतो. दोन वेगळी रिग करा आणि बदल धुरळ्याच्या किंवा झटक्याच्या दोन-तीन फ्रेममध्ये लपवा. समोरून बघणारं थोबाड टाळा. पाऊण वळलेलं काढा, नाहीतर नाक सगळं तोंड खातं.

आता अंधार. जुन्या भागांची खरी श्रीमंती रंगवलेल्या पार्श्वभूमीत आहे: वाकडी झाडं, जांभळे-हिरवे वाडे. पात्रं मात्र सपाट, झगझगीत, सावलीशिवाय. म्हणून रात्रीच्या दृश्यातही सगळं वाचता येतं. आजचे विद्यार्थी पात्रांवरही निळी रात्र ओततात आणि फोनवर सगळं डबक्यासारखं दिसतं. पार्श्वभूमी करड्या रंगात बघितली तर खालच्या, म्हणजे गडद तिसऱ्या हिश्श्यात राहू दे, पात्रं मधल्या हिश्श्यात. गडद निळ्याच्या सलग छटा कॉम्प्रेशननंतर पट्ट्यापट्ट्यांनी फुटतात. त्यावर हलकी दाणेदार पूड टाका किंवा ब्रशचे फटकारे दिसू द्या. एक्सपोर्ट करून स्वस्त फोनवर, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून बघा.

दीड मिनिटाच्या अ‍ॅनिमॅटिकला दारांची धावपळ घ्या: एक लांब बोळ, दोन्हीकडे तीन-तीन दारं, कॅमेरा गोठलेला. पार्श्वभूमी एकच लागते. एका दारातून दुसऱ्यात जायला १६ ते २० फ्रेम, मग रिकामा बोळ ८ ते १० फ्रेम. तो रिकामा बोळच हसवतो, कापू नका. पहिल्या दोन फेऱ्या तर्काला धरून, तिसरीत भूत आणि शॅगी हातात हात घालून पळतात, चौथीत कुणीतरी सायकलवरून जातं. पाचवी नको. आणि हो, मूळ मालिकेतलं डबाबंद (प्रेक्षकांचं, आधीच रेकॉर्ड केलेलं) हसू आणू नका. आजच्या मुलांना कुणीतरी खोलीत शिरल्यासारखं वाटतं.

अमावास्येची_पोर

कथासूत्र यांच्या तिवईला माझा थोडा विरोध. १९९८ चा 'स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड' थेट व्हिडिओवर आला, भुतं खरी होती, आणि मरगळलेल्या मालिकेत जीव आला तो त्यानेच. म्हणजे एक पाय काढूनही तिवई उभी राहिली.

पण ती कशी उभी राहिली ते बघा. टोळी फुटलेली आहे, सगळे नोकरीला लागलेत. डॅफ्नी टीव्हीवर कार्यक्रम करते, फ्रेड तिचा कॅमेरा धरतो, वेल्माचं रहस्यकथांचं दुकान आहे, शॅगी-स्कूबी विमानतळावर जप्त केलेलं खाणं खाऊन नोकरी घालवतात. मुखवट्यांना कंटाळलेली डॅफ्नी खरं भूत शोधायला निघते. लुइझियानाच्या दलदलीत झॉम्बी समोर येतो तेव्हा फ्रेड नेहमीसारखा मुखवटा ओढायला जातो. ओढतो, ओढतो, आणि डोकंच हातात येतं. तीस वर्षांची सवय त्या एका शॉटमध्ये उलटते. वर पुन्हा फिरकी आहे: घाबरवणारे झॉम्बी सावध करायला आलेले असतात, खरा धोका पाहुणचार करणाऱ्यांकडून असतो. म्हणजे मुखवटा होताच, फक्त माणसांच्या चेहऱ्याचा होता.

म्हणून "भुतं खरी करा" म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना विचारा, मुखवटा कुठे नेऊन ठेवलात? आणि हा चित्रपट सव्वा तासाचा आहे. खऱ्या भुताचे नियम समजवायला वेळ लागतो: ते कशाने मरतं, कशाने येतं, आजच का आलं. २२ मिनिटांत ते नियम पात्रांच्या तोंडून भडाभडा ओतावे लागतात.

मधला मार्ग २०१० ते २०१३ च्या 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड'ने घेतला. ५२ भाग, बहुतेकांत मुखवट्याआडचा माणूस, पण गावाखाली दबलेलं मोठं रहस्य हळूहळू खऱ्या अमानवी शक्तीकडे जातं. त्यातली मला सर्वात आवडलेली युक्ती वेगळीच. क्रिस्टल कोव्ह हे गाव भुतांच्या पर्यटनावर जगतं. पोरांनी मुखवटा काढला की महापौराचा धंदा बसतो, आणि महापौर फ्रेडचा बाप. एकदम प्रत्येक उलगड्याला किंमत आली. कपडे, व्हॅन काही न बदलता मालिका नवी झाली ती या एका बदलाने. तुमच्या बायबलच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहा: खरं बाहेर आल्याने कुणाचं नुकसान होतं, आणि ते नुकसान टोळीपर्यंत पोचतं का?

भीतीच्या मात्रेबद्दल: भूत तीन हप्त्यांत द्या. आधी आवाज, मग सावली किंवा हात, मग पूर्ण. पूर्ण दिसल्यावर पहिला शॉट दोन सेकंदांच्या आत कापा. भुताने पात्राला धरलेलं दाखवू नका, दार धरू दे. अंधारात मूल एकटं असेल तर त्याच दृश्यात त्याला कुणीतरी भेटलं पाहिजे.

अर्धवट_मुखवटा

सगळ्यांचे आभार, दारांचा बोळ नक्की. आता आमचं कथानक सांगतो, मारा दगड. अमेरिकेतलं छोटं गाव, १९२० च्या दशकातलं बंद चित्रपटगृह, जुन्या प्रोजेक्शनिस्टचं भूत. संशयित: मालकिणीची भाची, जिला ते पुन्हा सुरू करायचंय, बिल्डर, ज्याला पाडायचंय, आणि जुन्या फिल्म जमवणारा गृहस्थ. गुन्हेगार बिल्डर. मोबाइलसाठी "रेंज नाही" असं लिहिलंय.

कथासूत्र

बिल्डर पहिल्या फ्रेमपासून ओळखू येणार. त्याला खोटा संशयित करा आणि गुन्हेगार करा संग्राहकाला. कारण तुमच्या इमारतीतच दडलंय: १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटगृहांत नायट्रेटची फिल्म चालायची, आणि ती भयंकर पेट घेते, एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. म्हणून त्या काळच्या प्रोजेक्शन खोल्यांना आगरोधक भिंती आणि भोकांवर आपोआप पडणारी लोखंडी झडपं असत. संग्राहकाला तळघरात हरवलेल्या मूकपटाची रिळं सापडलीत. ती एकेक करून बाहेर न्यायची आहेत, तोवर कुणी आत यायला नको.

आता पुरावा बघा, यात तुमचा मोबाइलही कामाला लागतो. "रेंज नाही" काढून टाका. सगळे भाग रेंज नसलेल्या ठिकाणी घडायला लागले की मुलं हसतात. फोन चालू दे. शॅगीच्या हातात मेणबत्ती, कारण त्याने फोनची बॅटरी खाण्याच्या व्हिडिओंवर संपवलीय. वेल्माच्या हातात फोनचा टॉर्च. भूत येतं, मेणबत्ती विझवतं. पुन्हा येतं, पुन्हा मेणबत्ती विझवतं. टॉर्चला हात लावत नाही. प्रेक्षकाला वाटतं, भुताला अंधार आवडतो. पण मग टॉर्च का चालतो? भूत प्रकाशाला नाही, ज्योतीला घाबरतंय. आणि ज्याला इमारत पाडायचीच आहे तो बिल्डर आगीला कशाला घाबरेल? एकाच पुराव्यात एक सुटला, एक अडकला.

भाची उरते, तिलाही इमारत जळायला नकोच आहे. तिला सोडवायला दुसरा पुरावा लागेल. नायट्रेट फिल्म कुजली की चिकट होते, तपकिरी भुकटी पडते, उग्र वास येतो. स्कूबी दहाव्या मिनिटाच्या आत संग्राहकाच्या पांढऱ्या हातमोज्यांवर शिंकतो, सगळे हसतात. पंधराव्या मिनिटाला भुताच्या कोटाजवळ तीच शिंक, त्याच लयीत. आवाज तोच वापरा, कानाला जुळलं पाहिजे.

मुलांना नायट्रेट माहीत नसणार, म्हणून ते उलगड्याच्या आधी सांगणं भाग आहे. पाचव्या मिनिटाला प्रोजेक्शन खोलीत धूम्रपानबंदीची अवाढव्य पाटी. शॅगी विचारतो एवढी मोठी का, भाची एका वाक्यात सांगते, आणि त्याच क्षणी लोखंडी झडप धाडकन पडून स्कूबीचं सँडविच अर्धं कापते. हशात माहिती गेली.

फोटोचंही तसंच. भुताचा फोटो काढू दे, आणि फोटो गावभर फिरून लोक आणखी घाबरू दे. खलनायकाला हवंच ते आहे. फोन काढून घेण्यापेक्षा तो चुकीच्या बाजूने वापरला जाणं आजच्या मुलांना जास्त पटतं.

तपासणी सोपी आहे. पटकथा पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि सोळाव्या मिनिटाला थांबा. कोण, हे विचारू नका. कशावरून, हे विचारा. सगळ्यांनी संग्राहक सांगितला पण कारण "तो विचित्र दिसतो" असेल, तर पात्ररचना चुगली करतेय. कुणालाच मेणबत्ती आठवली नाही तर तिसऱ्यांदा विझवा.

रेघोट्या

मेणबत्ती विझण्याचा शॉट दर वेळी त्याच चौकटीत ठेवा, आणि टॉर्च प्रत्येक वेळी चौकटीच्या कडेला चालू दिसू दे. नंतर मागे जाऊन बघणाऱ्या मुलाला तो सापडला पाहिजे.

प्रकल्प इंटरनेटवर टाकणार असाल तर एक सूचना. स्कूबी-डू वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीचं आहे आणि १९६९ च्या भागांवरचा अमेरिकेतला हक्क ९५ वर्षांचा, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. वर ट्रेडमार्क वेगळा. वर्गात दाखवायला स्कूबी चालेल, जाहीर ठेवायच्या प्रतीसाठी स्वतःची पात्रं काढा. चार मित्र, एक प्राणी आणि मुखवटा या कल्पनेवर कुणाची मालकी नाही.

अर्धवट_मुखवटा

शेवटचं विचारतो. अ‍ॅनिमॅटिकला आवाज मराठीत द्यायचा आहे. स्कूबीचं बोलणं कसं करायचं? आणि भूत कोकणातलं घेतलं असतं तर?

बाराखडी

स्कूबीची भाषा म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला र. स्कूबीला आवाज देणाऱ्या डॉन मेसिक यांनी हाच प्रकार आधी 'द जेट्सन्स'मधल्या कुत्र्यासाठी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाठी केला होता. मराठीत तो बसतो: नको चं रको, पळा चं रळा, भूत चं रूत. पण शब्द छोटा हवा आणि शॅगीने तो नुकताच उच्चारलेला हवा, नाहीतर भात आणि दात दोन्ही "रात" होतात. कधी फायदाही होतो. शॅगी "वडा!" म्हणतो, स्कूबी "रडा!", आणि शॅगी खरंच रडायला लागतो.

शॅगीचं "झॉइंक्स" तसंच ठेवा, तो नुसता आवाज आहे. वेल्माचं "जिंकीज" ठेवू नका, मराठी कानाला ती काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. "अगं बाई" तिच्या तोंडी मावशीबाईंसारखं येईल, "अरेच्चा" चालेल. तयार चित्रावर डब करत असाल तर प, फ, ब, भ, म कडे बघा: "बापरे" ला सुरुवातीला ओठ मिटतात, चित्रात उघडे असतील तर लगेच खटकतं. तुमचं चित्र अजून व्हायचंय, तेव्हा आवाज आधी रेकॉर्ड करा आणि तोंडं त्यावर बसवा.

कोकणातल्या भुताचा विचार जपून करा. काळा सरदार कुणाच्या देव्हाऱ्यात नसतो. आरवलीच्या वेतोबाला मात्र लोक नवस फेडायला चपला वाहतात. तो गावाचा राखणदार आहे. त्याच्या रूपात तस्कर दाखवून मुखवटा ओढलात तर मुलं हसतील आणि आजी उठून जाईल. नाव नसलेलं, तुम्हीच रचलेलं भूत घ्या.

आणि मुखवट्याच्या क्षणाचं वाक्य नीट लिहा. इंग्रजीत नाव आपोआप शेवटी येतं. मराठीत "मिस्टर विकल्स आहेत हे!" असं लिहिलंत तर नाव आधी फुटतं आणि मुखवटा नंतर निघतो. क्रियापद टाका. "हे तर...", मुखवटा वर, बारा फ्रेम शांतता, मग नाव.